दुकानाच्या फोनात शिरलेला माणूस

कळमनुरी,
दि. ११ एप्रिल २०२५

तीर्थरूप शकुंतला आत्यास,
प्रियंकाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन केला नाही, कारण माझ्या फोनात माणूस शिरलाय. दुकानाचा आणि घरचा फोन एकच, म्हणून दोन्हीकडे तोच. तुमच्या गावाला निघालेल्या शेजारणीजवळ हे पाकीट देते आहे.

लग्नसराईमुळे ब्लाउजांचा ढीग पडलाय. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाच्या नंबरावरून लग्नपत्रिकेची फाइल आली. उघडायला गेले तर फोनने कसलीशी परवानगी मागितली. हातात कात्री, समोर मापाला उभी असलेली बाई. न वाचता हो केलं. पत्रिका काही उघडली नाही. दुसऱ्या दिवशी एका परक्या नंबरावरून मलाच माझ्या गिऱ्हाइकांचे फोटो आले.

तुला माहीत आहे, फिटिंग कुठं ढिलं, कुठं घट्ट हे दाखवायला बाया घरून फोटो पाठवतात. पाठीचे, गळ्याचे. फक्त मी बघणार म्हणून. आता ते सगळे त्याच्याकडे आहेत. तो म्हणतो, हे गावभर करीन. नाहीतर तीच पत्रिका तू तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना पाठव, सोबत तुझ्या आवाजात सांग की लग्नाला या, म्हणजे बाया बेधडक उघडतील. मग तुला सोडतो.

ह्यांना, तुझ्या जावयाला, सांगितलं तर दुकानाला कुलूप लागेल. बायांना सांगितलं तर गिऱ्हाईक तुटेल. गप्प बसले तर तो दिवसातून किती वेळा फोन करतो याला मोजमाप नाही. काल मी खरंच आवाज भरला, आत्या. ऐकला, आणि पुसला. उद्या पुसेन की नाही, माझा मलाच भरवसा नाही.

मामांना यातलं काही सांगू नकोस. तुझाच आधार आहे, तो सुटू देऊ नकोस.

तुझी
प्रियंका


सिद्धेश्वर,
दि. १४ एप्रिल २०२५

चि. प्रियंकास,
आत्याचे अ. उ. आ.

पाकीट पोचलं. तुझे मामा कॅनॉलच्या पाण्याच्या पाळीला शेतात गेले हायेत, म्हणून निवांत लिहून राहिले. तू शिवलेलं ब्लाउज काखेत काचते, त्याचा फोटो मीबी तुला पाठवणार होते. बरं झालं, मला फोटो काढता येत न्हाई.

लेकरा, फाइल-बिइल मला कळत न्हाई, पर भेव कळते. ती पत्रिका पाठवू नको, एकीलाबी न्हाई. सोडतो म्हणला म्हणून त्याच्यावर काहून विश्वास धरून राहिली? आज तुझी मान त्याच्या हातात हाय, उद्या गावातल्या साऱ्या बायांची व्हईल.

ज्या बाईचा फोटो हाय तिला ते परक्याकडून कळलं तर ती तुला काय म्हणंल? तू आधी सांगितलं तर रागवंल, चार शिव्या दील, पर घरात बोलायला तिला येळ मिळंल. तो येळ तिचा हाय अन् तू दाबून बसली. आमच्या जावयाला, सोमेश्वररावाला, आजच सांग. कुलूप लावतील तर लावू दे, किल्ली कुठं जात न्हाई.

जेवत जा. तुझ्यावरची माया कमी व्हायची न्हाई, एवढं ध्यानात ठेव.

तुझी
आत्या


कळमनुरी,
दि. ९ मे २०२५

तीर्थरूप आत्यास,
प्रियंकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांना सांगितलं. हे ओरडले नाहीत. शटर ओढलं, गाडी काढली आणि मला हिंगोलीला पोलिसांच्या सायबर शाखेत नेलं. तिथल्या मॅडमनी विचारलं, पहिल्याच दिवशी नेट बंद करून सायबर तक्रारीच्या १९३० नंबरला फोन का नाही केलात? पासवर्ड विचारले, तर सगळीकडे एकच निघाला, रुद्रचं नाव. आपल्या पोराच्या नावाला मी किती ठिकाणी राखणीला बसवलं होतं. दुकानाला आता वेगळा फोन घेतलाय आणि मापाचं काम झालं की फोटो तिथल्या तिथं पुसते.

मॅडमही तुझ्यासारखंच म्हणाल्या, आधी बायांना सांगा. घरोघर गेले. एकीने न कापलेलं कापड त्याच पावली परत मागितलं. एकीने चहा दिला आणि दार लावताना म्हणाली की पुन्हा येऊ नका. दुकान निम्मं रिकामं झालंय. तो माणूस सापडलेला नाही. नवा फोन वाजला तरी उचलण्याआधी नंबर दोनदा वाचते, आणि रस्त्यात कुणी हसलं तरी वाटतं, माझ्यामुळेच.

मी दाद देत नाही म्हटल्यावर त्याने बोललेलं खरं केलं. दोन गिऱ्हाइकांचे फोटो माझ्या फोनच्या यादीतल्या नंबरांवर गेले. त्यातली एक तरन्नुम, शाळेत शिकवते, निकाह ठरलेली. तिची होणारी सासूही माझीच गिऱ्हाईक, तिच्याही फोनवर तरन्नुमचा फोटो गेला.

काल तरन्नुम तिच्या आईला, मदीनाबींना, घेऊन दुकानात आली. मी उठून दोघींना स्टूल पुढे केली. तिने सांगितलं की मी तिच्याकडे जाऊन आले त्याच संध्याकाळी तिने दोन्ही घरी सगळं सांगून टाकलं होतं. फोटो आल्यावर सासूने दोन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी स्वतः आली आणि तिच्यासमोर तो फोटो पुसला. मदीनाबी मात्र भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

तरन्नुमने पिशवीतून निकाहच्या जोड्याचं, नवरीच्या पोशाखाचं, कापड काढलं. "माप घ्या," म्हणाली. "पण फोन इथं नको."

मी फोन मदीनाबींच्या हातात दिला. त्यांनी तो मांडीवर पालथा ठेवला आणि माप होईपर्यंत त्यावरचा हात उचलला नाही.

तुझं ब्लाउज परत पाठव, काखेत सैल करते. मामांना नमस्कार. तुझ्या रागाचा आणि मायेचा, दोन्हींचा वाटा मला असाच मिळत राहो.

तुझी
प्रियंका