मेंढ्या बसायच्या त्या दीड एकराबाबत

मी, कृष्णात सयाजी घाडगे, वय एकसष्ट, निवृत्त कंपाउंडर, राहणार मौजे शेरीवाडी, तालुका खानापूर, जिल्हा सांगली, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाबाखाली माणूस काय काय लिहितो, ते मला चांगले ठाऊक आहे.

एक. राहते घर पत्नी लीलाबाईस तहहयात. तिच्या पश्चात पुतण्या लालासाहेब यास. त्याने मला न विचारता माझी बाभूळ तोडून विकली, हे येथे नमूद करतो. तरी घर त्याचेच.

दोन. सुया उकळायचे भांडे आणि कात्र्या राहीबाई दाईस. दवाखाना गेल्यापासून गावची अडलेली बाळंतपणेही तिच्याच गळ्यात आहेत.

तीन. दवाखाना कसा गेला, ते सांगितल्याशिवाय पुढचे कलम कळणार नाही. शहात्तर साली वरून हुकूम आला, की नसबंदीच्या साठ केसेस द्या, नाहीतर दवाखाना दुसरीकडे हलवू. माझ्या एकोणसाठ झाल्या होत्या. त्याच आठवड्यात ज्योतिबा मेंढका दरसालप्रमाणे माझ्या दीड एकरात खतासाठी मेंढ्या बसवायला आला. त्याच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. त्याच्या जांघेत गाठ होती. "ये रं, काढून टाकू ती," म्हणून मी त्याला शिबिरात नेले. फॉर्मवर 'मुले तीन' हे माझ्या हातचे अक्षर आहे. त्याने विश्वासाने अंगठा दिला. डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, त्याला काही विचारले नाही.

दवाखाना वाचला. पण ही गोष्ट वाड्यावस्त्यांवर पसरली आणि लोक तापाच्या गोळीलासुद्धा येईनात. दोन वर्षांनी 'रुग्णसंख्या अपुरी' असा शेरा मारून सरकारने कुलूप घातले. चावडीवर मी सरकारला शिव्या देतो. पण ते अक्षर सरकारचे नव्हते. मला फार लाज वाटते.

चार. ते दीड एकर ज्योतिबास देतो. हे सांगायला मी त्याच्या वस्तीवर गेलो होतो. त्याची बायको धोंडुबाई उठून आत गेली. तो म्हणाला, "तात्या, माज्या माघारी ही जिमीन कुनाला दिऊ, त्येबी लिवा की कागदात."

मी परत आलो. त्याने जमीन घेतली नाही, तरी माझ्या माणसांनी तिच्यात नांगर घालू नये.

मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

सही: कृष्णात सयाजी घाडगे
स्थळ: विटा. तारीख: १२ मार्च १९७९

साक्षीदार: १. आकाराम ज्ञानू पवार २. अर्जुना बाळा सुतार

दोघेही राहणार विटा. गावातल्या कोणाला साक्षीला बोलवायची माझी हिंमत झाली नाही.