आई दुपारी कुणाशी बोलते

प्रिय चिमणे,

शाळेच्या स्पर्धेत गोळाफेकीत पहिली आलीस, फार बरं वाटलं. पण हे पत्र त्यासाठी नाही. एकटी असताना वाच. माझा आवाज असा का झाला, हे तू कितीदा तरी विचारलंस आणि मी घसा बसलाय म्हणून वेळ मारून नेली.

बाबा होते तेव्हा मी प्रशिक्षण केंद्रात होते. तिथे माझ्या शेजारच्या पलंगावर एका डॉक्टरांची मुलगी होती. आमच्या दोघींचा गोळा जवळपास सारखाच लांब जायचा. एका सकाळी आमचे प्रशिक्षक सर इंजेक्शन घेऊन आले, ताकदीचं आहे म्हणाले. तिनं औषधाचं नाव विचारलं, वडिलांना फोन लावला आणि संध्याकाळी बॅग भरून घरी गेली. गोळा सुटला म्हणून तिचं काही अडणार नव्हतं. मला सरांनी काहीच समजावलं नाही. एवढंच विचारलं, "आई अजून इस्पितळाच्या लाँड्रीतच ना? दिवसभर उभी?" मी बाही वर केली.

पदक मिळालं, त्यावर नोकरी लागली, आईचं उभं राहणं सुटलं. मला हनुवटीवर केस आले, पाळी थांबली, मुलांचा फुटतो तसा आवाज फुटला. इंजेक्शनं सोडल्यावर बाकीचं बरंचसं सावरलं. आवाज तेवढा गेला तो गेलाच.

गेल्या वर्षी एका दुपारी घरी फोन केला. "जेवलीस का?" एवढंच म्हटलं. पलीकडून आई हळूच म्हणाली, "अहो, इतके दिवस होतात कुठे?" बाबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी ताई आहे, असं दोनदा सांगितलं. ती नुसती हसली.

तेव्हापासून तू शाळेत असतेस त्या वेळी तिचा रोज फोन येतो. लेकीनं ऐकू नये असलंही ती सांगते. मी तोडत नाही, कारण ती पुन्हा नीट जेवायला लागलीय. मी घरी आले की मला ताईच म्हणते, फक्त मी बोलू लागले की डोळे मिटून घेते. मध्यंतरी तिनं कानातल्या हरवलेल्या कुडीबद्दल विचारलं. "कोटाच्या अस्तरात बघ," मी बोलून गेले. का, ते मलाही ठाऊक नाही. बाबांच्या जुन्या कोटात कुडी तिथेच निघाली.

सोमवारी सर तुला केंद्रात न्यायला घरी आले होते. आईनं आधी होकार दिला, मंगळवारी मोडता घातला, आणि तू तिच्याशी बोलणं टाकलंस. तिच्यावर राग धरू नकोस. मंगळवारी दुपारी तिनं मला विचारलं, "धाकटीला पाठवू का हो?" ताईचं तिनं हसण्यावारी नेलं असतं. म्हणून पहिल्यांदाच, जाणूनबुजून, मी बाबांसारखं म्हटलं, "नको पाठवूस."

ती बरीच रडली. मग म्हणाली, "मोठीच्या वेळी का नाही बोललात?" मी फोन ठेवून दिला.

तुझीच,
ताई