कोटाची फाईल

चाचा, मागच्या आठवड्यात मी शिरड शहापूरला जाऊन आले. चाची आता तिथं असतात, तुमच्या लेकीकडं. लेकीचाच फोन आला होता. म्हणाली, ताई, दुकानातले जुने फोटो तुमच्याकडं असतील तर एकदा बघा, अम्मीला अब्बूंचा चेहरा आठवेनासा झालाय, दिवसभर तेच विचारते. घरात तुमचा एकही फोटो नाही हे तिनं सांगितलं नसतं तरी मला माहीत होतं. तुमच्या घरात भिंतीवर माणसांचे फोटो लावत नाहीत. मतदान कार्डावरचा तेवढा होता, त्याचा आता काळा डाग उरलाय. लेकीच्या लग्नात, लेकाच्या लग्नात तुम्ही कॅमेऱ्याच्या मागं. फोन ठेवून मी कपाट उघडलं आणि नुसती उभी राहिले. आखाडा बाळापूरच्या तुमच्या स्टुडिओत मी कामाला होते त्या वर्षांत जो जो स्टुलावर बसला, तो प्रत्येक माणूस माझ्याकडं पेनड्राइव्हमध्ये आहे. तुम्ही त्यात आहात का, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

सासरहून मी कायमची परत आले तेव्हा गावात सगळ्यांना एकच प्रश्न होता, काय झालं. तुम्ही विचारलंत, माऊस चालवता येतो का. कॉम्प्युटरचा एक कोर्स केलेला होता, तेवढ्यावर तुम्ही मला आतल्या खोलीत खुर्ची दिलीत. पहिले काही दिवस मी दिवसभर मान खाली घालून लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग पुसत बसायचे. बायका बाहेर थांबलेल्या असताना कुणी माझ्याविषयी कुजबुजलं की तुम्ही पंख्याचा वेग वाढवायचात. तो पंखा इतका खडखडायचा की पुढचं काही ऐकूच यायचं नाही. हे तुम्ही मुद्दाम करत होतात, हे मला फार उशिरा कळलं.

संध्याकाळी दुकान आवरायच्या आधी एक काम ठरलेलं. कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं, दिवसाचे फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे, गावागावाच्या फोल्डरमध्ये लावायचे आणि मग सगळं पेनड्राइव्हवर उतरवायचं. पेनड्राइव्ह दोन होत्या. एक गल्ल्याशेजारच्या खणात राहायची, दुसरी माझ्याबरोबर जीपमधून माझ्या गावाला यायची. मी एकदा विचारलं, दोन कशाला चाचा, एकीत सगळं मावतं की. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “घरं दोन पाहिजेत, बेटा. एका घराला काही झालं तर दुसऱ्या घरात माणसं वाचतात.” ओढणीच्या टोकात गाठ मारून मी ती पेनड्राइव्ह घरी न्यायचे. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात चुलीजवळ बसले, गाठ सोडली आणि ती जमिनीवर ठेवून भाकरीला हात घातला. आईनं विचारलं, हे काय आणलं. म्हटलं, ह्यात माणसं आहेत, अख्ख्या बाळापूरची. तिनं थापती भाकरी तशीच ठेवली. “माणसं हायेत म्हणतीस अन् खाली काहून ठेवून राहिलीस?” पिठाच्या हातानं तिनं ती उचलली आणि फडताळात, तिच्या चांगल्या कपबश्यांच्या मागं ठेवली. त्या दिवसापासून ती तिची जागा झाली.

तुम्ही मला रागावलात ते एकदाच. शेवटची जीप सुटायला आली होती म्हणून मी फोटो उतरत असतानाच पेनड्राइव्ह ओढून काढली. तुमचा आवाज कधी चढायचा नाही, त्या दिवशीही चढला नाही. “जेवत्या माणसाला ताटावरून उठवून राहिली का तू? त्याला विचार आधी, झालं का म्हणून.” मग स्वतः माझ्या शेजारी बसून सगळं पुन्हा उतरवलंत, अन् जीपवाल्याला हाक मारून थांबवलंत. जीपमध्ये माणसं माझ्यावर करवादली. मी मुठीत ती पेनड्राइव्ह धरून बसले होते आणि मला रडू येत होतं. बोलणं लागलं म्हणून नव्हे. तुम्ही मला कुणी नोकर समजून बोलला नव्हतात, घरातल्या लेकराला बोलतात तसं बोलला होतात, आणि तसं मला बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

लग्नाच्या फोटोंपेक्षा तुमच्याकडं गर्दी व्हायची ती तेराव्याच्या फोटोंसाठी. गावात कुणी म्हातारा गेला की मुलगा धावत यायचा. हातात कुणाच्या तरी वरातीतला फोटो, त्यात मागच्या रांगेत, कुणाच्या तरी फेट्याआड अर्धा दिसणारा बाप. तेवढाच चेहरा आपण उचलायचो, मोठा करायचो, मागं निळा पडदा लावायचो. आणि सगळ्यांची मागणी एकच असायची, कोट घाला. जन्मभर बंडीवर काढलेल्या माणसालाही हार घालताना कोटात बघायचं असायचं. त्यासाठी एक फाईल होती, तिचं नावच ‘कोट’. करडा कोट, पांढरी कॉलर, कॉलरच्या वर काही नाही. तिथं चेहरा आणून बसवायचा, मानेशी रंग जुळवायचा, झालं. पडद्यांच्या आणि बागबगिच्यांच्या सीडीबरोबर तोही कुठून विकत आला असेल, असं मी धरून चालले होते. एक मावशी तयार फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “आमच्या मालकाचे खांदे कुठं एवढे रुंद व्हते?” तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, “वर गेल्यावर खाणंपिणं सुधारतं, मावशी.” त्या पदर तोंडाला लावून हसल्या. नवरा जाऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि त्या हसत हसत रडल्या, आणि फोटो छातीशी धरून बसस्टँडकडं गेल्या.

मला कापाकापी शिकवताना तुमचा एक नियम होता. आधी नक्कल, मग कैची. मूळ फोटोला हात लावायचा नाही, त्याची दुसरी फाईल करायची, तिला दुसरं नाव द्यायचं, मगच कापायचं. मी कंटाळून म्हटलं, एवढं कशाला, चुकलं तर मागं घेता येतं की. तुम्ही म्हणालात, एकदा सेव्ह दाबलं अन् फाईल बंद केली की मागं घेता येत नाही, माझं एकदा झालंय. काय झालं होतं ते सांगितलं नाहीत, आणि बाहेर गिऱ्हाईक आलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी मामाच्या गावी होते, मातीलाही पोचले नाही. तुमच्या मुलाला त्या धंद्यात जीव नव्हता, त्यानं दुकान मोकळं केलं, कॉम्प्युटर भंगारात गेला, खणातली पेनड्राइव्ह कुणाच्या लक्षातही राहिली नाही. कपबश्यांमागची तेवढी राहिली. पुढं मी हिंगोलीला आले, लिहायला लागले, आई गेली, फडताळ गेलं. पण पेनड्राइव्हही म्हातारी होते असं तुम्ही म्हणायचात, म्हणून जुनी कुरकुरायला लागायच्या आत मी सगळं नवीवर उतरवत आले. न उघडता, न बघता, जसंच्या तसं. शेजारून काही आलं तर डबा भरून परत द्यावा तसं ते माझ्या हातून होत राहिलं.

शिरडला दुपारी पोचले. चाचींनी मला ओळखलं, नावानं नाही पण ‘दुकानातली पोरगी’ म्हणून. लेकीनं चहा टाकला. मी लॅपटॉप चाचींच्या पुढ्यात पाटावर ठेवला आणि एकेक गावाचं फोल्डर उघडायला लागले. चाची जाड चष्म्यातून बघत होत्या. हा दूधवाला, ही त्याची बायको, हा मेला, हा बी मेला. स्वतःच्या नातवंडांची नावं चुकतात म्हणे, पण ही माणसं त्यांना बराबर आठवत होती. प्रत्येक फोल्डर संपलं की माझ्याकडं बघायच्या, आणि मी पुढचं उघडायचे. तुम्ही कशातच नव्हतात. लाइट लावून बघण्यासाठी तुम्ही अधूनमधून स्टुलावर बसायचात, मी बटण दाबायचे, पण ते फोटो संध्याकाळी पुसून टाकायचे हा तुमचाच हुकूम होता. गिऱ्हाइकाची जागा आपण काहून अडवायची, असं म्हणायचात.

गावं संपली. खाली चार सुट्या फायली उरल्या होत्या, पडदे वगैरे. त्यातली एक उघडली तर तो कोट आला. मी बंद करायला गेले, तेवढ्यात चाचींचा हात माझ्या हातावर पडला.

“थांब. हे तर त्यांचे खांदे हायेत.”

मी म्हटलं, नाही चाची, हा नुसता कोट आहे, सगळ्यांना वापरायचो. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. डावा खांदा किंचित खाली. “कॅमेऱ्याची बॅग लटकवून लटकवून ही बाजू वाकलेली. अन् कोट शादीचा, माझ्या अब्बांनी शिवलेला. कार्डाचा कॅमेरा नवा आणला, तवा गच्चीवर मला म्हणाले, बटन दाब. मी म्हटलं, मला न्हाई येत. म्हणाले, येतं, दाब. मी दाबलं अन् ते हसले.” मग त्या कॉलरच्या वरच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिल्या. “चेहरा कुठंय?”

मला तेव्हा कळलं, चाचा, तुमचं एकदा काय झालं होतं ते. कुणा म्हाताऱ्याचं पोरगं बाहेर ताटकळत असेल, कोट हवा असेल, बाजारात कुठं मिळाला नसेल. तुम्ही स्वतःचा फोटो घेतलात, घाईत चेहरा कापलात आणि त्याच फाईलवर सेव्ह दाबलंत. नक्कल न करता. चाचींनी आयुष्यात काढलेला एकच फोटो, तो तसा गेला. आणि मी इतकी वर्षं तो गेलेला फोटो इमानानं एका पेनड्राइव्हवरून दुसरीवर नेत राहिले. सेनगावपासून बाळापूरपर्यंत किती घरांत तुमच्या खांद्यांवर हार पडतोय, हे तिथं बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांपुढून जात होतं, आणि चाचींना त्यातलं काहीच नको होतं. त्यांना चेहरा हवा होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, कामात असले की त्यांना कशाचं भान राहायचं न्हाई. मग थोड्या वेळानं माझा हात धरून, लेकीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “तुला तर आठवतो ना? तू तर रोज बघायची.”

मी हो म्हणाले.

“मग सांग.”

मी सांगायला लागले. कपाळ रुंद, त्यावर मधोमध एक आडवी आठी. भुवया दाट. नाक सरळ, शेंड्याला जरा जाड. दाढी आखूड, हनुवटीवर पांढरी. हसले की डोळे बारीक व्हायचे. चाची त्या कोटाच्या वरच्या रिकाम्या जागेकडं बघत प्रत्येक गोष्टीला मान हलवत होत्या, व्हय, व्हय. शेवटी डोळे मिटून घेतले आणि म्हणाल्या, दिसले. लेक चहाचे कप घेऊन आली तर त्या तिला सांगायला लागल्या, अगं, नाक शेंड्याला जाड व्हतं, मी इसरलेच होते.

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, आणि शिरडला तर पोचूच देणार नाही. मी तुमच्या शेजारी बसायचे, चाचा, तुम्ही पडद्याकडं बघायचात आणि मी तुमच्या बोटांकडं. तुम्ही समोर असलात की तोंडापुढं कॅमेरा असायचा, आणि स्टुलावर बसलात तरी मी बघायचे तो लाइट. तुमचा आवाज मला आठवतो, चष्मा पुसायची ती निळी चिंधी आठवते. आठी आठवते का? हनुवटीवरचं पांढरं? आपण इतके चेहरे मोठे केले, इतक्यांची नाकं मी उजळली. त्या दुपारी मी चाचींना जे सांगितलं, त्यातलं तुमचं किती होतं, ते मला माहीत नाही.