खोडलेल्या दोन ओळी

९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला आहे असं धरून चाल. माझ्या टेबलाखाली इतक्या तारा लोंबतायत की खरोखर वाकले तर अडकून पडेन.

आईच्या डोळ्याची पट्टी निघाली हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला फोनवर धड ऐकू येत नाही, आणि पत्र मात्र ती तुझ्याकडून दोन-दोनदा वाचून घेते, म्हणून हातानं लिहितेय. दिवसभर मुलांना टाइप करायला लावायचं आणि घरी येऊन स्वतःची बोटं शाईनं भरवायची, असं माझं चाललंय.

गेल्या सत्रात आमच्या स्पॅनिशच्या वर्गाला नवा प्रोग्रॅम मिळाला, हे तुला सांगितलं होतं का? मुलं त्यात निबंध लिहितात आणि तो त्यांचं प्रत्येक अक्षर साठवून ठेवतो. कुठं थांबली, काय लिहिलं, काय खोडलं, सगळं. मी ‘पुन्हा दाखवा’ दाबलं की पडद्यावर तो निबंध पहिल्या अक्षरापासून आपोआप लिहिला जायला लागतो. आधी मी माझाच निबंध असा दाखवला. बाईसुद्धा एकेका क्रियापदाला तीनदा खोडतात हे बघून वर्ग खूश झाला. त्या दिवसापासून मुलांची चुकायची भीती निम्मी झाली.

आता पुढचं आईला वाचून दाखवू नकोस. माझ्या वर्गात एक सोळा वर्षांची मुलगी होती. दर दोन शब्दांनंतर स्वल्पविराम द्यायची, म्हणून मी तिला स्वल्पविरामच म्हणायचे. ती सुट्टीत वारली. तीन दिवसांचा ताप, बस. शाळेनं हजेरीतून नाव काढलं, पण प्रोग्रॅममधून काढायचं राहिलं, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. सत्र सुरू झाल्यावर पहिल्या निबंधाची मुदत संपली तेव्हा प्रोग्रॅमनं तिलाही निरोप धाडला: तुझा निबंध अजून आला नाही, आम्ही वाट बघतोय. खाली माझं नाव. तो निरोप तिच्या फोनवर वाजला, आणि फोन तिच्या वडिलांच्या खिशात होता.

ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले. लिफ्ट दुरुस्त करतात. हत्यारांची पिशवी दाराबाहेर ठेवून आत आले. मला वाटलं, आता हे ओरडणार, आणि ओरडायलाच हवं होतं. ते ओरडले नाहीत. तिनं लिहिलेलं काही असेल तर बघायला मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

लोभ आहेच, तो पत्रांच्या अंतरावर मोजू नये.
तुझी,
धाकटी

१७ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यातला एक तारा आवरून ठेवण्यासाठी.

दुकानात सध्या फार गर्दी आहे. काल एका गृहस्थांनी डोक्यावर चष्मा ठेवून तोच चष्मा हरवल्याची तक्रार केली. मी त्यांना नवीन फ्रेम दाखवत बसले, तेवढीच माझी करमणूक. आईला तुझ्या पत्राचा पहिला भाग वाचून दाखवला. पत्र इतक्यात कसं संपलं, असं तिनं दोनदा विचारलं. बाई हुशार आहे.

त्या माणसाला निबंध जरूर दाखव. छापून दे, हवं तर चांगल्या कागदावर. पण ते बटण दाबू नकोस. निबंध म्हणजे मुलीनं स्वतः दिलेली गोष्ट. बाकीचं तिनं दिलेलं नाही. तू लहानपणापासून दुसऱ्याच्या रडण्यात पाय घालून बसतेस, आणि मग आठ-आठ दिवस जेवत नाहीस.

आईचा हात डोक्यावर आहे असं समजावं.
ताई

२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी बटण दाबलं. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला पुढचं शांतपणे रागावता येईल.

छापलेला कागद दिला होता. त्यांनी तो वरून खालपर्यंत पाहिला. एक शब्द कळत नव्हता, तरी पाहत राहिले. मग म्हणाले, हे तर यंत्राचं अक्षर आहे, यात ती कुठं आहे? वर्ग रिकामा होता, बुधवारची चार वाजताची वेळ. मी पडदा सुरू केला.

निबंधाचा विषय होता ‘घरातलं एक माणूस, पूर्वी आणि आता’. स्पॅनिशमध्ये भूतकाळ दोन प्रकारचा असतो: एकदा होऊन गेलेला एक, आणि होत राहायचा तो दुसरा. तो दुसरा शिकवायला मी हा विषय दिला होता. पडद्यावर काळी उभी रेघ लुकलुकायला लागली आणि एकेक अक्षर उमटू लागलं. ती भराभर लिहायची, मग अचानक थांबायची. एके ठिकाणी रेघ बेचाळीस सेकंद नुसती लुकलुकत राहिली. आता ती काय करतेय, असं त्यांनी विचारलं. क्रियापद आठवत असेल, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. नाही, म्हणाले, वेणीचं टोक चावतेय. अशी थांबली की हेच करायची.

ताई, मी अकरा वर्षं शिकवतेय, पण एखादा वर्ग इतका भरलेला मी कधी पाहिला नाही, आणि होतो आम्ही दोघंच.

त्या बेचाळीस सेकंदांनंतर तिनं लिहिलं: मी लहान होते तेव्हा माझे बाबा गायचे. त्यापुढे दोन छोट्या ओळी आल्या: ‘या नो कान्ता. क्रेओ के एस पोर मी.’ लगेच रेघ मागे सरकत गेली आणि एकेक अक्षर खात दोन्ही ओळी पुसून टाकल्या. त्यांच्या जागी तिनं लिहिलं की बाबा लिफ्टचं काम करतात आणि फार मेहनती आहेत. छापलेल्या कागदावर तेवढंच आहे. मी त्या निबंधाला चांगला शेराही दिला होता.

खोडलं ते काय होतं, हे त्यांनी विचारलं. शब्दलेखन चुकलं होतं, असं मी सांगितलं.

चुकलं काहीच नव्हतं. त्या ओळींचा अर्थ: ‘आता गात नाहीत. मला वाटतं, माझ्यामुळे.’

उत्तर लवकर पाठव. नेहमीचा लोभ या वेळी जरा जास्तच हवा आहे.
धाकटी

१० ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तू खोटं बोललीस ते बरं केलंस. आता त्यावर ठाम राहा. मुलीनं ती ओळ लिहिली हे खरं, पण तिनं ती खोडली हेही तितकंच खरं. तिला ती सांगायची नव्हती. जे गेलंय त्याच्या खोडलेल्या ओळी जिवंत माणसाच्या हातात देऊन कुणाचं भलं होणार आहे?

आज जास्त लिहवत नाही. डोकं दुखतंय.
ताई

६ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि. डोकेदुखीबद्दल तू पुढे काहीच कळवलं नाहीस.

ते दर बुधवारी येतात. आधी पुन्हा तेच बघतात, मग माझ्याकडून थोडं स्पॅनिश शिकतात. मी नाही म्हणू शकले नाही. जाड बोटांनी वहीत अक्षरं काढतात, आणि तिचेच शब्द आधी विचारतात. पहिल्याच महिन्यात त्यांना ‘बाबा’, ‘लहान’, ‘गायचे’ येऊ लागलं. मी घाबरून त्यांना भाज्यांची आणि रंगांची नावं शिकवत बसते. ते मुकाट्यानं ऐकून घेतात.

गेल्या आठवड्यात वर्गात एक प्रकार झाला. मुलं लिहीत होती. कोण कोण लिहितंय त्या सगळ्यांची नावं पडद्याच्या कडेला दिसतात, आणि जो आत आला असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका पेटतो. भर अकराच्या तासाला स्वल्पविरामच्या नावापुढे ठिपका पेटला. टायपिंगचा आवाज एकेका बाकावरून थांबत गेला. कुणी किंचाळलं नाही. तिच्या शेजारी बसायची ती मुलगी हळूच जरा सरकून बसली, जागा करून द्यावी तशी. चारेक मिनिटांनी ठिपका विझला. मग मुलं माझ्याकडे बघायला लागली, आणि मी म्हटलं, लिहा. दुसरं काय म्हणणार?

तिचे बाबाच होते. एका इमारतीच्या तळघरात काम उरकून त्यांनी तिच्या फोनवर तिचा निबंध उघडला होता, नुसता बघायला. मी सांगितल्यावर शरमले, मुलांची माफी मागतो म्हणाले. त्याच दिवशी ते पहिल्यांदा मोकळे बोलले. पूर्वी लिफ्टच्या उभ्या बोगद्यात गाणी म्हणत काम करायचे, आवाज छान घुमायचा. आठ वर्षांपूर्वी त्यांचा कामावरचा जोडीदार गाण्याला साथ देता देता पाय घसरून खाली पडला आणि गेला. त्या दिवसापासून गळ्यातून सूर निघेना. मुलगी तेव्हा लहान, तिला काय सांगायचं, म्हणून सांगितलं नाही. पुढे सांगायचं राहूनच गेलं.

आणि मग म्हणाले, तापाच्या दुसऱ्या दिवशी बायको दवाखान्यात नेऊ म्हणत होती, मीच म्हटलं, उद्या बघू.

ताई, माझ्याकडे ते उत्तर आहे जे त्या मुलीला हवं होतं, आणि त्यांच्याकडे तो प्रश्नच नाही. मी मध्ये बसून भाज्यांची नावं शिकवतेय.

तू अशी गप्प राहू नकोस.
धाकटी

२९ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र मी तीनदा फाडलं. तुमचा तो प्रोग्रॅम माझ्या टेबलावर नाही हे नशीब.

बाबा गेले तेव्हा तू परीक्षेला गेली होतीस. त्यांनीच तुला कळवू नका म्हणून सांगितलं होतं, असं मी तुला सांगितलं. ते खरं आहे, पण सोमवारचं. बुधवारी सकाळी त्यांनी तुझं नाव घेतलं. दुपारी पुन्हा विचारलं, निघाली का म्हणून. मी म्हटलं, निघाली. मी तुला निरोपच दिला नव्हता. एकच पेपर उरला होता, आणि डॉक्टर दोन-तीन दिवस म्हणाले होते. ते संध्याकाळीच गेले. नंतर तू मला विचारलंस, त्यांनी मला बोलावलं नाही का गं? मी नाही म्हटलं, कारण हो म्हटलं असतं तर पुढचं सांगावं लागलं असतं.

एकोणीस वर्षं तू असं धरून चाललीयस की त्यांना तुझी आठवण झाली नाही. मला ते दिसतं. तू घरी आलीस की त्यांच्या खोलीत कधी जात नाहीस.

त्या माणसाला सांग. आधी लिहिलेलं मी माझ्या सोयीचं लिहिलं होतं.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायचा हात होत नाही.
ताई

२१ डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र चार दिवस पिशवीत घेऊन हिंडले. पहिले दोन दिवस तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी वर्ग घेताना एकदम रडू आलं. खडूच्या भुकटीवर ढकलावं तर आमच्या वर्गात खडूच नाही. राग आहे, ताई, तो लपवत नाही. पण बाबांनी दोनदा विचारलं, हे मी पुन्हा पुन्हा वाचतेय. दोनदा.

काल सत्राचा शेवटचा दिवस होता. त्यांच्यासाठी मी सत्रभर उघडं ठेवायला लावलेलं तिचं खातं तीन वाजता कार्यालय बंद करणार होतं. मी त्यांना दोन वाजता बोलावलं, आणि पडदा सुरू करायच्या आधीच म्हटलं की मी तुमच्याशी खोटं बोलले. शब्दलेखन चुकलं नव्हतं. मी अर्थ सांगायला लागले तर त्यांनी हात वर केला.

“बाई, मला माहीत आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्याच बुधवारी त्या ओळी मी उतरून घेतल्या होत्या. शब्दकोशात शोधल्या.”

मग मला काही बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तुम्हाला ते सांगणं किती जड जातंय ते दिसत होतं, म्हणाले. आणि कळलं म्हणून येणं थांबवलं असतं तर तिला पुन्हा कुठं बघणार होतो?

नंतर त्यांनी विचारलं की तिला उत्तर लिहायचं तर क्रियापद कुठलं घ्यायचं. ‘तुझ्यामुळे नव्हतं’ असं लिहायचं होतं. मी शिक्षिकेसारखी समजावायला लागले: गोष्ट एकदा होऊन संपली असेल तर एक रूप, पूर्वी होत राहायची असेल तर दुसरं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, संपलीच नसेल तर? मग वर्तमानकाळ, मी म्हटलं.

मी पडदा सुरू केला. त्यांनी तिचा फोन काढला, तिचा निबंध उघडला, आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहायला लागले. मी भिंतीकडे बघत होते. ‘नो एस पोर ती.’ तुझ्यामुळे नाही. एकही अक्षर त्यांनी खोडलं नाही. पूर्णविराम देऊन त्यांनी मान वर केली, आणि पडदा पाहिला.

फोन तिचा, खातं तिचं. त्या ओळीच्या कडेला तिचं नाव होतं, आणि नावापुढे हिरवा ठिपका.

मग त्यांनी विचारलं, “हे कुणी लिहिलं असं दिसतं?” ज्याचं नाव कडेला असतं त्यानं, मी सांगितलं. त्यांनी ती ओळ मोठ्यानं वाचली. मग पुन्हा वाचली, अगदी हळू, दुसऱ्याचं बोलणं नीट ऐकून घ्यावं तशी. उच्चार चुकला होता. मी सुधारला नाही. खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकवून ते रडले, आणि मी दार लावून बाहेर उभी राहिले. तीन वाजता आत गेले तेव्हा पडद्यावर एक नाव कमी झालं होतं. ते हत्यारांची पिशवी उचलून गेले. पुढल्या सत्रात पुन्हा येऊ का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही त्यांना या म्हटलं नाही. त्यांची वही टेबलावर राहिलीय. वर नुसतं ‘भाज्या’ लिहिलेली पानं कोरी, बाकी सगळी भरलेली.

शनिवारच्या गाडीनं घरी येते. आईला हे सगळं वाचून दाखव, बाबांच्या त्या बुधवारचंही. तिला कळेल की पत्रं इतक्यात का संपत होती. बाबांच्या खोलीची किल्ली शोधून ठेव. राग बरोबर घेऊन येतेय. त्यालाही ठेवायला थोडी जागा कर.

तरीही तुझीच,
धाकटी