बोरवंडीच्या गोळ्यांची आणि पाळण्यांची निरवानिरव

लिहून ठेवणार मी, नृसिंह दत्तोपंत निसळ, वय वर्षे साठ, धंदा पूर्वी भिंगार येथे कंपाउंडर, हल्ली लोकांच्या शिव्या खाणे, राहणार मौजे बोरवंडी, तालुका जामखेड, जिल्हा अहमदनगर. माझी बुद्धी शाबूत आहे. पुतण्या चिरंजीव शामकांत याला तसे वाटत नाही, म्हणून जामखेडहून डॉक्टर आणून दाखला घेतला. त्यांनी माझे बोलणे दहा मिनिटे ऐकले आणि जरा जास्तच शाबूत आहे असे तोंडी सांगितले. हे मी राजीखुशीने लिहीत आहे.

१. राहते घर माझ्या स्वकष्टाचे आहे. कुटुंब सौ. सरोजिनी हिचा त्यात तहहयात राहण्याचा हक्क. शामकांतने हे घर राधाकृष्ण ठेकेदाराला अफूच्या दुकानासाठी द्यायचे कबूल करून टाकले आहे, असे कानावर येते. मी अजून मेलो नाही, ही त्याची अडचण मी समजू शकतो. घर त्याला मिळणार नाही. त्याला माझी काळी छत्री द्यावी. दोन काड्या मोडल्या आहेत, पण त्याच्या कर्तबगारीला तेवढी सावली पुष्कळ झाली.

२. पुढच्या खोलीत अफू सोडवण्याचे काम चालते, ते तसेच चालावे. रीत अशी: खाणाऱ्याने आपली अफू इथे ठेवायची, रोजची गोळी काट्यावर तोलून घ्यायची, आणि दर आठवड्याला गोळीतली थोडी अफू काढून तिथे गूळ आणि ओवा भरायचा. एकदम बंद केली की माणूस जुलाबाने आणि अंगदुखीने तळमळतो आणि तिसऱ्या दिवशी ठेक्यावर हजर होतो. व्यसनमुक्तीची व्याख्याने देणाऱ्या पुढाऱ्यांना हे ठाऊक नसते, कारण ते त्याच दिवशी मोटारीने परत जातात.

काटा गोरक्षनाथ यास द्यावा. तो एकोणीस वर्षे अफू खात होता. "तात्या, आज गोळी लई गोड लागती. मला येडा समजता व्हय?" असे रोज भांडत सातव्या महिन्यात सुटला. त्याला कोणी फसवू शकणार नाही, सगळ्या लबाड्या त्याने स्वतः करून पाहिल्या आहेत. सध्या सात जण गोळीवर आहेत. माझे प्रेत दारात असले तरी त्यांची गोळी चुकवू नये.

३. गावाला एक नर्स आणि औषधांची पेटी मिळावी म्हणून मी सतरा अर्ज केले. त्यांच्या नकला वरिष्ठ कार्यालयास अर्पण, उन्हाळ्यात वारा घ्यायला बऱ्या. उत्तर एकदाच आले: 'आपल्या गावी अफूचे व्यसन असल्याची नोंद नाही.' अहो, नोंद करायला कोणी आले तर ना!

४. मधली खोली पाळण्यांसाठी. खुरपणीला जाताना आमच्याकडच्या बायका तान्ह्या पोराला मोहरीएवढी अफू चाटवतात. पोर दिवसभर निजते. सगळी निजतात, एखादे उठत नाही. मी त्यांतल्या छबूबाईला उपदेश करायला गेलो, तर ती म्हणाली, "पोर रडलं तर मुकादम उद्या बोलवत न्हाई. तुमी सांबाळता का, तात्या?" मी घरी येऊन सहा पाळणे टांगले. ते गावातली लंकाबाई सांभाळते. खोलीची किल्ली तिच्याकडेच राहावी, आणि शामकांतने कोर्टकचेरी केली तरी निकाल लागेपर्यंत पाळणे काढू नयेत.

५. हे कलम चार वेळा लिहून फाडले. सन १९१३ साली भिंगारला आमची मुलगी इंदू सात महिन्यांची होती. दात येत होते, रडायची. माझी कंपाउंडरची परीक्षा तोंडावर होती. सरोजिनी धुण्याला गेली होती. मी अफू तोलली आणि इंदूला चाटवली. शिकलेला माणूस मी, अगदी बरोबर तोलली. इंदू उठली नाही. माझ्या आईने सांगितले, सुनेचे दूध बाधले. मी गप्प बसलो. परीक्षा पहिल्या वर्गात पास झालो.

तेहतीस वर्षे झाली, बायका सरोजिनीच्या हाती मूल देत नाहीत. बारशाला ती दाराशीच बसते. दोष तिच्या दुधाचा नव्हता, माझा होता. मला याची लाज वाटते. हे कलम चावडीवर मोठ्याने वाचावे, मी मरायची वाट पाहू नये. पाळण्यांच्या खोलीस ——— हिचे नाव द्यावे.

सही करण्यापूर्वी हे कलम आज मी सरोजिनीला स्वतः वाचून दाखवले. ती रडली नाही. म्हणाली, "चावडीवर वाचा. उद्याच वाचा. मग बघते, कोण माझ्या हातात पोर देत नाही ते. लंकाबाईबरोबर मी बसेन त्या खोलीत. पण माझ्या लेकीचं नाव तुम्ही लावायचं नाही." आणि माझ्या हातातला टाक घेतला.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे, माझ्या हातचे. कलम पाचमध्ये एका नावावर खाडाखोड आहे. ती सौ. सरोजिनीने केली असून मला मान्य आहे.

सही: नृसिंह दत्तोपंत निसळ

साक्षीदार:
१. सहादेव म्हातारबा पवार, शेतकरी, सही
२. भागूबाई सखाराम गीते, सुईण, डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम बोरवंडी, तारीख ९ जुलै १९४६