गाळलेला मुक्काम

प्रिय डेल्फीन,

यंदा उलिकन मासे लवकर आले. तुझी आई आणि मी चार दिवस त्या माशांच्या चरबीचं तूप कढवत होतो. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातातला झारा काढून घेतला आणि म्हणाली, "अर्ल, तू बस बाबा, तुझ्या हातून करपेल." शहात्तर वर्षांच्या थोरल्या भावाशी बोलायची ही तिची रीत. तूप मात्र झकास उतरलंय. बरणी पाठवतोय; व्हँकूवरला खिडकी बंद करून उघड, नाहीतर वासाने शेजारी दार वाजवतील.

शाळेत तू आपली भाषा शिकवतेस, हे मी गावात सगळ्यांना सांगत फिरतो. माझी आजी शाळेत हीच भाषा बोलली म्हणून मार खायची. साक्षीदार बोलावून घराण्याची नावं आणि हक्क सांगायच्या आपल्या मेजवान्यांवर सरकारची बंदी होती तेव्हा तिने आपल्या घराण्याची हकीकत धुरीघरात, सॅमन टांगता टांगता, माझ्या आईला पाठ करून दिली. पाहुण्यांसमोर सांगता येत नव्हती, म्हणून माशांसमोर सांगितली. तिच्यामुळे आपण आजही या नदीकाठचे आहोत, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो. आपल्याकडे जमिनीचा कागद नाही. पूर्वज नदीने खाली येताना कुठे कुठे थांबले, ते सातही मुक्काम साक्षीदारांसमोर सांगायचे, हाच आपला कागद.

माझ्या आईने ते तुलाही त्याच धुरीघरात शिकवले होते. म्हणून तर त्या मेजवानीत मी हकीकत सांगत असताना, अकरा वर्षांची तू, भरल्या सभागृहात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मामा, सहावा मुक्काम राहिला."  रिवाजाप्रमाणे चूक धुवायला मला तिथल्या तिथे साक्षीदारांना घोंगड्या वाटाव्या लागल्या. मग बाहेर पायरीवर मी तुला म्हणालो, "एवढीशी पोर, मोठ्यांच्या सभेत तोंड उघडतेस? घराची अब्रू घालवलीस." त्यानंतर एकवीस वर्षं झाली. तू गावी येतेस, आईला भेटतेस, माझ्याशी गोड बोलतेस. पण एकाही मेजवानीला आली नाहीस. विचारलं की शाळेचं काम सांगतेस.

आज खरं लिहितो. मी विसरलो नव्हतो. सहाव्या मुक्कामी आपले लोक उपाशी पोहोचले होते. नदीखालच्या घराण्याने दार उघडलं, सगळा हिवाळा पोसलं. त्या घराण्याची माणसं त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्या रांगेत बसली होती, आणि आपण त्यांच्या दारी याचक होतो हे तोंडाने सांगायची मला लाज वाटली. मी तो मुक्काम जाणूनबुजून गाळला. अब्रू मी घालवत होतो आणि तू वाचवलीस. मी भित्रा होतो, बाळ, आणि त्याचा राग तुझ्यावर काढला.

मागच्या आठवड्यात तुपाच्या दोन बादल्या घेऊन त्या घराण्याकडे गेलो. त्यांच्या म्हाताऱ्या मिल्ड्रेडबाईंसमोर सहावा मुक्काम पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "आम्हाला ठाऊकच होतं रे. तुझ्या तोंडून कधी येतंय, याची वाट बघत होतो." मग त्यांनी विचारलं, "ती उभी राहिली होती ती पोर कुठे असते?"

त्यासाठीच हे पत्र. ऑक्टोबरातल्या मेजवानीत मी माझं घराण्याचं पिढीजात मानाचं नाव खाली ठेवतोय. नाव मामाकडून बहिणीच्या लेकराकडे जातं, आणि ते तू घ्यावंस असं मला वाटतं. तुझ्या भावांना विचारलंय, थोरला म्हणाला, "तिच्याशिवाय आहे कोण?" नाव इथे लिहीत नाही, ते सभेतच उच्चारायचं असतं. हकीकतही या वेळी तूच सांग, सातही मुक्काम. मी पहिल्या रांगेत बसेन. कुठे चुकलीस तर भरल्या सभेत उभा राहून टोकेन. आणि नाही चुकलीस, तरी उभा राहीन.

तुझाच,
अर्लमामा