चाळीसच्या वर

४ ऑक्टो.
डोकं फिरलं आज. बियाणं वाळवायच्या यंत्राच्या सी भाषेतल्या कोडची आधीच्या इंजिनिअरनं पार धर्मशाळा करून ठेवली. तापमान, पंख्याचा वेग, सगळे ग्लोबल व्हेरिएबल. कोणतंबी फंक्शन येतं, आकडा बदलून जातं. अन् जाफराबादच्या प्लँटवर पासवर्ड पॅनेलच्या दारावरच मार्करनं लिहिलेला! सगळ्यांना एकच. ऑपरेटर सलीमभाईंना म्हणलं, हे काय?
"ताई, पासवर्ड सगळ्यांचा म्हणजे चूक कोणाचीच न्हाई. बराबर चालू आहे, राहू द्या."
हसूच आलं.

९ ऑक्टो.
कोडमधलं नवं टेबल झालं एकदाचं. प्रत्येक पॅरामीटरला किमान, कमाल, अन् कोणाला बदलता येईल ती पातळी. ज्याचा त्याचा पिन. बदल केला की स्क्रीनवर नाव. तापमानाची कमाल चाळीस. सोयाबीनचं बियाणं त्याच्यावर तापलं की मेलं.
आमचे सर म्हणे, "प्लँटच्या शेठला मोकळीक पाहिजे. कमाल पंचावन्न कर, हक्क वरच्या पातळीला दे." मी खूप भांडले. शेवटी केलं. नोकरी त्यांची, काय करता.

१३ ऑक्टो.
प्लँटवर बसवून आले. शेठ जालन्याला राहतो. म्हणे, "मी कुठं रोज येऊ? वरची पातळी सलीमलाच द्या." सलीमभाईंनी हात जोडले, "मला नको ताई." तरी दिली. घरी बदनापूरला पोचेपर्यंत अंधार. चिडचिड.

२४ ऑक्टो.
बियाण्याचा अख्खा लॉट वाया गेला. उगवण चाचणीत कोंबच न्हाई. शेठ फोनवर ओरडून राह्यला, यंत्र खराब! धावत गेले. तापमान बावन्नवर लावलेलं. शेजारी नाव: सलीम.
"मंग यंत्र न्हाई, माणूस खराब," शेठ म्हणाला. तिथंच कामावरून काढलं.
सलीमभाई एवढंच बोलले, "माल न्यायला ट्रक उभा होता, घाई होती. शेठ, तुमचाच फोन आल्ता, वाढव म्हणून."
"मी कशाला फोन करू?"
मी तिथंच उभी. स्क्रीनवरचं नाव वाचत राह्यले. लाज वाटली माझी मलाच.

२५ ऑक्टो.
सरांना माझ्याकडून लेखी पाहिजे, बदल सलीमच्या पिननं झाला म्हणून. "खोटं कुठं आहे त्यात?"
न्हाईच ना खोटं! तेच तर. बटण कोणी दाबलं ते माझा कोड सांगतो, दाबायला कोणी लावलं ते न्हाई. कोडमध्ये नावाच्या शेजारी एक जागा वाढवली, 'सांगणारा'. मंग म्हणलं, ती भरणार कोण, शेठ? खोडली. अन् पंचावन्नचा आकडा तर मीच टाकला, त्याच्याम्होरं कोणाचंच नाव न्हाई.

२६ ऑक्टो.
सलीमभाईंचा फोन. मला वाटलं शिव्या देतील. बिलकुल न्हाई.
"ताई, तीर्थपुरीकडं एका प्लँटवर काम बघून राह्यलो. तिथं बी तुमचंच यंत्र आहे म्हणे. माझं नाव त्याच्यात आधीच लिहून आलेलं असंल का?"
न्हाई म्हणलं. कसं असंल.
सरांच्या त्या लेखी कागदाचं न्हाई सांगितलं. टाईप करून सरांनी माझ्या टेबलावर ठेवलाय, खाली माझं नाव, सहीची जागा कोरी. उद्या सकाळीच मागतील.